डाव्या हाताची बावीस घरं

गावात नवखा माणूस आला की धुरपतामावशी आधी त्याची हनुवटी पाहायची, मग कान आणि सगळ्यात शेवटी कपाळ. एवढं झालं की ती त्याला त्याचंच घर सांगायची. एकदा पुण्याहून एक जीन्सवाला पोरगा आईचं माहेर पाहायला म्हणून आला. पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून तो पत्ता विचारायला तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाली, "तू गिरजीचा. कान मामाचे हायेत, हनुवटी बापाची. नाक मातर आपल्याकडलं न्हाई. कुठून आनलं रे?" तो पोरगा मामाच्या घरी पोचायच्या आधी मावशीच्या ओट्यावर चहा पिऊन गेला.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून सात किलोमीटरवर. मी पाटबंधारे खात्यात मोजणीदार आहे. कालव्याच्या पाण्यावर कुणी किती शेत भिजवलं, हे बांधावर जाऊन मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. मावशी माझ्या आईची मैत्रीण. आई गेल्यावर ती रोज एकदा आमच्या घरावरून चक्कर मारायची आणि मला टोकून जायची. "जमीन मोजतो, पानी मोजतो, लगनात पत्रावळ्या मोजतो. मोजून मोजून एखाद्या दिवशी सोताची बोटं कमी भरतील तुझी." मला ती कधी नावाने हाक मारत नसे. मी तिच्यासाठी 'मोजणीदार'. नोकरी लागण्याआधी काय म्हणायची, ते आता मलाही आठवत नाही.

गावातलं आवतन देणं हे तिचं काम होतं. ते तिला कुणी नेमून दिलं नव्हतं, पण तिच्याशिवाय कुणाला सुचतही नसे. आमच्याकडे लग्नाचं आवतन चूलबंद असतं. म्हणजे त्या दिवशी त्या घरातली चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी लग्नघरी जेवायला यायचं. त्यासाठी छापील पत्रिका चालत नाही, फोन तर नाहीच. पितळी वाटीत हळदीचे तांदूळ घेऊन दारोदार जायचं, प्रत्येक उंबऱ्यावर चार दाणे ठेवायचे, उंबऱ्याला हात लावायचा आणि म्हणायचं, "चूलबंद हाय बरं." ज्याच्या उंबऱ्याला हात लागला नाही, तो आला नाही तर त्याची चूक नाही. तो आला, तर मात्र लोक त्याला हसतात.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी मी सगळ्या गावाची यादी केली होती. घरं एकशे अडतीस. मावशीला वाचता येत नसे. तिने ती यादी मला मोठ्याने वाचायला लावली आणि शेवटी म्हणाली, "तीन घरं खाल्ली तू." मी वाद घातला. मग सायकल काढून गावभर फिरलो. घरं एकशे एकेचाळीस निघाली. परत येऊन तसं सांगितलं, तर ती शेळीच्या गळ्यातलं दावं सोडता सोडता म्हणाली, "तुझ्या कागदाला तोंडं न्हाईत रे. काहून भरवसा ठिवतो त्याच्यावर?"

पोळ्यानंतरच्या आठवड्यात तिच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी शेळ्यांच्या गोठ्यात ती पडलेली सापडली. डावा हात आणि डावा पाय लुळा. तिच्या मुलाने आणि मी तिला जीपमध्ये घालून आधी बाळापूरला आणि तिथून नांदेडला नेलं. चौदा दिवस ती दवाखान्यात होती. वाचा शाबूत होती आणि तिखटही होती. तिसऱ्याच दिवशी तिने नर्सला सांगितलं, "बाई, सुई टोचायची तं टोच, पर हसून टोच. तेवढ्यानं तकलीफ कमी व्हते."

घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक कागद तिच्यासमोर ठेवला. त्यावर आडव्यातिडव्या वीस रेघा होत्या. पेन हातात देऊन म्हणाल्या, "आजी, दिसतील तेवढ्या सगळ्या रेघांवर फुली मारा." मावशीने लक्ष देऊन, जीभ दातात धरून फुल्या मारल्या, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "झालं." मी मोजलं. फुल्या अकरा होत्या. नऊ रेघा कोऱ्या राहिल्या होत्या आणि त्या सगळ्या कागदाच्या डाव्या भागात होत्या.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. "आजींचे डोळे उत्तम आहेत. मार बसलाय तो मेंदूच्या उजव्या भागाला. डावीकडे काही आहे, हेच आता त्यांचा मेंदू लक्षात घेत नाही. तिकडे अंधार दिसला असता तर त्यांनी मान वळवून पाहिलं असतं. पण त्यांच्या लेखी डावी बाजू नाहीच, म्हणून त्या तिकडे शोधतही नाहीत." पुढे त्या असंही म्हणाल्या की चेहरे ओळखायलाही अवघड जाईल. पण तेवढ्यात मुलगा औषधं घेऊन आला, गाडीवाला घाई करू लागला आणि ते वाक्य तिथेच राहिलं. अकरा आणि नऊ हे आकडे मात्र माझ्या डोक्यात पक्के बसले.

महिन्याभरात ती काठी टेकत चालायला लागली आणि घरात भांडण सुरू झालं. तिची सून संगीता एका दुपारी डोळे पुसत आमच्याकडे आली. "दादा, चटनी, भाजी, कांदा, समदं वाढते मी. अन् आत्याबाई ओट्यावर बसून गावाला सांगून राहिल्या की सून कोरडी भाकर घालते म्हनून."

मी तिच्याबरोबर गेलो. मावशी जेवत होती. ताटाकडे पाहिलं आणि मला नांदेडचा कागद आठवला. ताटाची उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी साफ होती. डावीकडे चटणी, भाजी, कांदा जसंच्या तसं. मधोमध कुणी बांध घातला असावा इतकी सरळ रेघ. मी ताट अर्धं फिरवलं.

"आत्ता गं!" मावशी ओरडली. "ही चटनी कुठून आली?"

"पयलेपासूनच व्हती, आत्याबाई!" संगीता म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

त्या दिवसापासून त्या घरात जेवणाच्या मध्यावर ताट फिरवायचा नियम झाला. भांडण मिटलं. पुढे पुढे मावशी स्वतःच म्हणायची, "संगीता, फिरव गं, उरलेलं जेवन दिसू दे."

चेहऱ्यांचं मला कळलं ते दिवाळीनंतर. मी वहीवर सह्या घेत फिरत होतो. तिच्या दारात उभा राहिलो आणि वहीत एक आकडा खाडाखोड झालेला दिसला म्हणून तो नीट करण्यात दोन मिनिटं बोललोच नाही. मान वर केली तर मावशी माझ्याकडे पाहत होती, अगदी समोरून, चार फुटांवरून. आणि परक्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, "कोन पाहिजे?"

"मावशी," मी म्हणालो.

तिचा चेहरा एकदम बदलला. "मस्करी करून राहिले व्हते रे मोजणीदार!" ती हसली. पण ते हसू उशिरा आलं होतं. मी तिच्या उजव्या बाजूला ओट्यावर बसलो. मग तीच बोलली.

"डोळे दिसतेत, नाक दिसते. मोजायला सांग, मोजून दाखविते. पर ते समदं मिळून कोन हाय, ते उमगत न्हाई. तू बोलला की तू व्हतो. न्हाई बोलला तं नुसतं मानूस."

"उत्तमसुद्धा?" उत्तम म्हणजे तिचा मुलगा.

"पोटचं लेकरू," ती म्हणाली. "खाकरलं की कळते."

गेल्या दोन महिन्यांत ती कशी निभावत होती, तेही तिने सांगितलं. कुणी आलं की "ये बाबा, बस" म्हणायचं आणि ते बोलेपर्यंत सुपारी कातरत राहायचं. चालणं ऐकायचं. बायकांच्या बांगड्या ऐकायच्या. गंमत म्हणजे शेळ्या तिला ओळखू येत होत्या. अकराच्या अकरा, प्रत्येक तोंड वेगळं, प्रत्येकीचं नाव वेगळं. हे कसं, ते पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनाही नीट सांगता आलं नाही. जे आहे ते मी लिहितो आहे.

उठताना तिने माझा हात धरला. "गावात सांगू नको. मी तोंडं वळखनारी बाई हाय. ते गेलं तं मंग मी कोन?"

मी शब्द दिला. माझ्या बायकोलाही सांगितलं नाही.

वैशाखात आमच्या मुलीचं, अश्विनीचं, लग्न ठरलं. लग्न रविवारी, दारातच. आवतन शुक्रवारी द्यायचं. मावशी आठ दिवस आधीच येऊन बसली. "आवतन मी देनार. तुझ्या मायला शबुद दिला हाय." माझी बायको मंदा माझ्याकडे पाहू लागली. मी हिशेब केला. घरं आता एकशे चौपन्न झाली होती. काठी टेकत एवढं चालणं शक्य नव्हतं. शेवटी असं ठरलं की बाकीचं गाव मंदा आणि माझा भाऊ करतील आणि मावशीने फक्त उभी गल्ली करायची. उभी गल्ली म्हणजे मारुतीच्या देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा सरळ रस्ता. देवळाजवळ आमचं घर, टाकीमागे तिचं. घरं सत्तेचाळीस. जाता जाता तिचं घर येईल, परत यायची गरज नाही. चेहऱ्यांचा प्रश्न नव्हता, कारण घरं ती उंबऱ्यांवरून ओळखत होती. मला ही योजना अगदी बिनचूक वाटली.

"एवढंच?" ती म्हणाली. "अख्खं गाव करनारी बाई मी." पण वाटी घेतली.

शुक्रवारी सकाळी ती निघाली. दुपारी मी तिच्या घरी डोकावलो, तेव्हा ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. घामाघूम आणि खूश.

"मी मोजणीदार. झालं का, मावशी?"

"झालं," ती म्हणाली.

बाजूला वाटी होती. तिच्यात जवळपास निम्मे तांदूळ शिल्लक होते. मला ते दिसले. मी मोजणारा माणूस आहे, मला दिसणारच. पण मला वाटलं, तिने हात आखडून दाणे ठेवले असतील.

शनिवारी सकाळी मी सतरंज्या मागायला शेषरावकडे गेलो. शेषराव उभ्या गल्लीतला मोठा शेतकरी. सात वर्षांपूर्वी त्याने अर्ज एक हेक्टरचा केला होता आणि माझ्या मोजणीत भिजलेलं शेत एक हेक्टर ऐंशी आर भरलं होतं. मी तेच लिहिलं आणि त्याला जादा पाणीपट्टी पडली. तेव्हापासून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. तो दारात हात बांधून उभा राहिला.

"सतरंज्या काहून पाहिजेत?"

"उद्या लग्न आहे ना."

"कोनाचं? आमाला तं काई माहीत न्हाई." मग आवाज चढला. "म्हातारी काल आमच्या दारावरून गेली. मान वर करून पाह्यलं न्हाई. समोरच्या कुलूप लावलेल्या घराच्या उंबऱ्यावर दाने ठिवले, अन् आमची मानसं दारात उभी असून आमाला न्हाई! भावकीतल्या एकाला बी न्हाई. गोठ्यातल्या शेळ्या वळखते ती, अन् मानसं वळखत न्हाई व्हय? तिला कोनं शिकवलं ते कळते आमाला. मोजून घरं सोडली तुमी."

खरं कारण तोंडापर्यंत आलं होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मी शब्द दिला होता.

घरी येऊन मी वही घेतली आणि उभ्या गल्लीची घरं दोन ओळींत लिहिली. देवळाकडून टाकीकडे जाताना उजव्या हाताला तेवीस, डाव्या हाताला चोवीस. मग मंदाला सांगून एकेकाकडे सहज चौकशी करवली. ती तासाभराने आली. तिने सांगितलं तसं मी खुणा करत गेलो. उजव्या हाताची तेवीसच्या तेवीस घरं झाली होती, कुलूपबंद घरासकट. डाव्या हाताची फक्त दोन झाली होती आणि ती दोन्ही घरं अशी की ज्यांनी मावशीला हाक मारली होती, "मावशी, पानी पिऊन जा." बाकी बावीस कोरी.

मी वहीकडे पाहत राहिलो. नांदेडचा कागद माझ्या समोर होता. फक्त रेघांच्या जागी घरं होती. तिने तसंच मन लावून, तसंच प्रामाणिकपणे काम केलं होतं आणि तेच म्हटलं होतं, "झालं." अकरा आणि नऊ मला पाठ होते. ताट मीच फिरवलं होतं. वाटीतले तांदूळ मी पाहिले होते. आणि तरी सत्तेचाळीस घरांच्या सरळ गल्लीत मी तिला एकाच दिशेने पाठवलं होतं. ही चूक तिची नव्हती.

मंदा म्हणाली, "बावीस घरं मीच जाऊन करते. सांगते की म्हातारीला आता जमत न्हाई."

ते सोपं होतं आणि लग्न वाचलं असतं. पण त्यानंतर मावशीला कुणी वाटी दिली नसती. मी म्हणालो, "तासभर थांब."

मावशी आधी चिडली. "एक घर सोडलं न्हाई मी! कोन म्हन्ते?" मी तिला सगळं सांगितलं. तेवीस, दोन, बावीस. ती ऐकत गेली. चिडणं थांबलं. सुपारीचा अडकित्ता तिने खाली ठेवला.

"म्हंजे दवाखान्यातल्या कागदासारखं?"

"हो."

"ताटासारखं?"

"हो. ताट फिरवता येतं, मावशी. एवढी गल्ली कशी फिरवायची?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू एवढ्या वर्षांची माझी नोकरी फुकट गेली आहे. "गल्ली काहून फिरवतो लेका? मीच फिरते की. काल देवळाकडून टाकीकडं आले. आज टाकीकडून देवळाकडं जाते. मंग ती घरं कोनच्या हाताला येतेत?"

"उजव्या."

"मंग? उठ. वाटी दे."

मी तिच्या मागे दहा पावलांवरून चाललो. राहिलेल्या बावीसातलं ती एक दार सोडत नव्हती. काठी भिंतीला टेकवायची, वाकायची, दाणे ठेवायची, उंबऱ्याला हात लावायची. काही घरांतले लोक मुकाट उभे राहिले, काही आत निघून गेले. नववं घर शेषरावचं. तो दारातच होता. हात बांधलेले, तोंड बंद. ओट्यावर त्याच्या भावकीतले चार-पाच जण बसले होते.

मावशी वाकली, उंबऱ्याच्या फुटक्या कोपऱ्यावरून तिने बोटं फिरवली आणि सरळ झाली. शेषराव काहीच बोलला नाही. तो बोलला असता तर तिचं काम सोपं झालं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. आधी हनुवटी, मग कान, मग कपाळ. पूर्वीसारखंच. मला वाटलं, आता ती "चूलबंद हाय बरं" म्हणेल आणि पुढे जाईल. तेवढ्यावर भागलं असतं.

"घर शेषरावचं हाय," ती म्हणाली. "उंबऱ्यावरून कळलं. पर म्होरं कोन उभं हाय, ते मला कळत न्हाई, बाबा. वारं गेल्यापासून तोंडं गेली माझी. अन् डाव्या अंगाचं काई ध्यानातच येत न्हाई. काल तुमची बाजू मला दिसलीच न्हाई. मोजणीदारानं सोडली न्हाई, म्या सोडली. रुसायचं तं माझ्यावर रुसा. पोरीच्या लगनावर नका रुसू."

हे तिने हळू सांगितलं नाही. आवतन देतानाच्या आवाजात सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल असं.

शेषरावने बांधलेले हात सोडले. तो खाली उतरला, तिच्या अगदी जवळ आला आणि लहान मुलाने सांगावं तसं म्हणाला, "मावशी, मी शेषराव."

"आता कळलं," ती म्हणाली. "चूलबंद हाय बरं."

"येतो." मग त्याने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हातारीला दिसत न्हाई, मान्य. तुला तं दिसत व्हती ना आमची बाजू? तुला काय झालं व्हतं?"

"मला काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"लिहून ठिव वहीत," शेषराव म्हणाला आणि सतरंज्या काढायला आत गेला.

पुढच्या तेरा घरांना मावशीच्या आधी बातमी पोचली होती. ती वाकून उठायच्या आत दारातून आवाज यायचा. "मावशी, मी कमल." "मावशी, मी संभा." एका म्हातारीने तर घरातल्या सातही माणसांची नावं आतूनच ओरडून सांगितली. मावशी म्हणाली, "बस गं, मी काय शिरगणतीला आले?"

दुसऱ्या दिवशी मी तिची खुर्ची मांडवाच्या तोंडाशी ठेवली, डावी बाजू भिंतीला लावून. त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस तिच्या उजवीकडूनच आला. प्रत्येकाने वाकून नाव सांगितलं. आधी गंमत म्हणून, मग रीत असल्यासारखं. उभ्या गल्लीतली सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस घरं जेवून गेली. सत्तेचाळिसावं घर कुलूपबंद होतं. ते लोक मुलाकडे पुण्याला गेले होते.

त्यानंतर गावातली एकशे चौपन्न घरं मावशीशी बोलण्याआधी नाव सांगायला लागली. कुणी ठरवलं नाही, बैठक घेतली नाही. नवी सून गावात आली की सासू तिला पहिल्या आठवड्यात शिकवायची, "टाकीमागच्या मावशीला उजव्या अंगानं जायचं अन् आपलं नाव सांगायचं." पोरं आवाज बदलून तिला फसवायला बघायची. ती त्यांचा कान धरायची आणि कान चाचपून म्हणायची, "हा तं बापाचाच हाय." आवतन ती पुढेही देत राहिली. प्रत्येक गल्ली दोनदा, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन वर्षांत तिने नऊ लग्नांची आवतनं केली. घर एकही सुटलं नाही. हे मी तपासलेलं आहे.

एकदा मी तिला विचारलं, लोकांसमोर सांगायचं भय नव्हतं का वाटलं. तोंडं ओळखणारी बाई, हे नाव जाणार होतं.

"वाटलं ना," ती म्हणाली. "पर नाव धरून बसले असते, तं बावीस घरं गेली असती. अन् तू काय म्हन्तो, नाव गेलं? पयले मी गावाला वळखत व्हते. आता गाव येऊन मला वळख देते. कोनाची बढती झाली, मोज बरं."

मागच्या माघात तिला दुसरा झटका आला. या वेळी नांदेडपर्यंत नेण्याइतका वेळ तिने दिला नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिला अंगणात ठेवलं. गोठ्यात शेळ्या ओरडत होत्या आणि संगीता त्यांना पाला टाकून परत परत मावशीजवळ येऊन बसत होती. लोक यायला लागले. सगळ्यात आधी उभ्या गल्लीतली कमल आली, पायाशी वाकली आणि सवयीने बोलून गेली, "मावशी, मी कमल." बोलल्यावर तिला भान आलं, तिने तोंडाला पदर लावला. पण तिच्या मागच्या माणसानेही तेच केलं. त्याच्या मागच्यानेही. मग कुणालाच त्यात वावगं वाटेनासं झालं. माणसं रांगेने येत होती, वाकत होती आणि नाव सांगून बाजूला होत होती. शेषराव आला. डोक्यावरची टोपी काढून तो स्पष्ट आवाजात म्हणाला, "मावशी, मी शेषराव."

मी फाटकातून आत आलो तो तिच्या डाव्या बाजूला निघालो. तिथे जागा होती, तिथून पाया पडता आलं असतं. मी पायांकडून वळसा घालून तिच्या उजव्या हाताला गेलो, वाकलो आणि म्हणालो, "मावशी, मी मोजणीदार."